विल्फ्रेड बकलंड: हॉलिवूडच्या पहिल्या कलादिग्दर्शकाने नेमकं काय केलं?

प्रश्न असा आहे: अमेरिकन मूकपटांच्या पहिल्या काळात कलादिग्दर्शकाची कारकीर्द कशी घडायची, तो करायचा तरी काय, विल्फ्रेड बकलंडला हॉलिवूडचा पहिला कलादिग्दर्शक म्हणतात ते कितपत खरं, आणि त्याचं काम पाहायचं तर कुठून सुरुवात करू? मी सेटच्या धंद्यातलाच माणूस आहे, त्यामुळे फ्लोअरवर उभं राहून ही गोष्ट जशी दिसते तशी सांगतो.

पहिलेपणाचं भांडण आधी मिटवून टाकू. 1914 मध्ये जेसी लास्की या निर्मात्याच्या चित्रपट कंपनीने बकलंडला कॅलिफोर्नियात बोलावलं आणि कलादिग्दर्शक म्हणून नेमलं. सुतार, पडदे रंगवणारे आणि प्रॉपर्टीवाले (म्हणजे सेटवरचं सामान पुरवणारे) यांच्या वर बसून चित्रपटाच्या दिसण्याची एकत्र जबाबदारी घेणारा माणूस हॉलिवूडमध्ये तोपर्यंत नव्हता. त्याच सुमारास देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यू जर्सीतल्या फोर्ट लीमध्ये, बेन कॅरे नावाचा फ्रेंच माणूस जवळपास हेच काम करत होता. त्याच्याकडे मी पुढे येतो. तेव्हा बकलंड हॉलिवूडमधला पहिला, हे मान्य. अमेरिकेत तो एकटाच होता असं मात्र नाही.

पण पहिला असण्याने फार काही सिद्ध होत नाही. बकलंड मला महत्त्वाचा वाटतो तो उजेडामुळे. कॅमेऱ्याला काय दिसू द्यायचं नाही हे ठरवणंही सेट आखणाऱ्याचंच काम आहे, हे अमेरिकन सिनेमात इतक्या लवकर आणि इतक्या ठामपणे त्याच्याइतकं कुणी करून दाखवलं नव्हतं.

हे कळायला त्याच्या आधीचा सेट कसा असायचा ते बघावं लागेल. 1910 च्या आसपास कॅलिफोर्नियातलं शूटिंग बहुतेक उघड्या चौथऱ्यावर व्हायचं. वर दोऱ्यांवर पातळ मलमल ताणलेली, त्यातून गाळून येणारं ऊन, खाली दोन किंवा तीन भिंतींचा दिवाणखाना. भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड. वारा सुटला की दिवाणखान्याची भिंत हलायची आणि टेबलावरचा कागद उडायचा. त्या काळचे चित्रपट बारकाईने पाहिले तर बंद खोलीत वारा वाहताना सापडतो. पूर्व किनाऱ्यावर काचेच्या छताचे स्टुडिओ होते. तिथे वारा नव्हता, पण उजेड तसाच सपाट. ढगाळ दिवसांसाठी कूपर-ह्यूइट कंपनीच्या पाऱ्याच्या वाफेच्या लांब नळ्या असत. त्यांचा निळसर हिरवट उजेडही सगळीकडे सारखाच पसरायचा.

अशा उजेडात रंगवलेला सेट चालून जातो. कपाटातली पुस्तकं रंगवा, दाराची पॅनेलं रंगवा, खांबाच्या उजव्या बाजूची सावलीसुद्धा रंगवा. सगळीकडून सारखा उजेड पडत असेल तर रंगवलेल्या सावलीचं खोटेपण उघडं पाडणारी खरी सावली तिथे नसतेच. एका बाजूने कडक उजेड टाकलात की मग पंचाईत होते. रंगवलेली सावली एकीकडे आणि खरी दुसरीकडे. भिंत सपाट आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणजे बाजूने येणारा उजेड हवा असेल तर सेटला खरी जाडी द्यावी लागते: खरं मोल्डिंग, खरी खिडकीची खोली, दाराची खरी चौकट. उजेड आणि बांधकाम ही जोडगोळी आहे. एक बदललं की दुसरं बदलावंच लागतं. अमेरिकन सिनेमात हा जोडबदल झाला त्याच्या अगदी मध्यावर बकलंड उभा होता.

त्यात आणखी एक अडचण फिल्मची. तेव्हाची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. लाल रंग काळा यायचा, पिवळाही मूळच्यापेक्षा गडद उतरायचा, निळा मात्र पांढराफटक. निळं आकाश त्यामुळे कोऱ्या कागदासारखं दिसायचं. सेटला रंग देताना तो डोळ्याला कसा दिसतो याला काही अर्थच नव्हता, तो करड्या छटांच्या कुठल्या पायरीवर उतरेल हे पाहावं लागायचं. कॅमेरामन निळ्या काचेतून सेट न्याहाळायचे ते यासाठीच. शुद्ध पांढरी भिंत तर नकोच, तिच्यावरचा उजेड फुटून नटाच्या चेहऱ्याभोवती वलय उठायचं. आमचे पेंटर आजही पांढऱ्या भिंतीत चिमूटभर रंग मारतात. कारण विचारलं तर 'कॅमेऱ्याला चालत नाही' एवढंच सांगतील, पण ही सवय फार जुनी आहे.

बकलंड आला तो नाटकातून. जन्म 1866 चा. म्हणजे सिनेमात पाऊल टाकलं तेव्हा पन्नाशी जवळ आलेली. ज्या धंद्यात दिग्दर्शक तिशीतले आणि कॅमेरामन विशीतले, तिथे हा माणूस वयाने सगळ्यांचा काका. ब्रॉडवेवर तो डेव्हिड बेलास्कोकडे तयार झाला होता. बेलास्को हा न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरचा मोठा निर्माता आणि दिग्दर्शक, वास्तवाच्या हट्टासाठी प्रसिद्ध. 1912 मधल्या एका नाटकासाठी त्याने चाइल्ड्स या प्रसिद्ध उपाहारगृहाची हुबेहूब प्रतिकृती रंगमंचावर उभी केली. त्याची खरी हुकमत मात्र उजेडावर होती. 1900 साली त्याने 'मॅडम बटरफ्लाय' रंगमंचावर आणलं. त्यात नायिका रात्रभर वाट पाहत बसते आणि संध्याकाळ, रात्र, पहाट हे सगळं एकाही शब्दाशिवाय, नुसत्या बदलत्या उजेडात, बारा-चौदा मिनिटं चालतं. पायाशी लावलेले फूटलाइट त्याने पुढे काढूनच टाकले, कारण खऱ्या आयुष्यात उजेड जमिनीतून वर येत नाही. या तालमीतून आलेला माणूस मलमलीखालचं सपाट ऊन पाहून किती वैतागला असेल याची मला कल्पना आहे.

तो लास्कीकडे गेला त्यामागे ओळखी होत्या. कंपनीचा दिग्दर्शक सेसिल डिमिल याचे वडील हेन्री हे बेलास्कोबरोबर नाटकं लिहीत. आई बिअट्रिस नाटकांच्या हक्कांचे व्यवहार पाहायच्या. नाटकवाल्यांचं ते घरच होतं, आणि त्या घरातून बकलंडपर्यंत रस्ता सरळ जात होता. शिवाय 1914 मध्ये लास्कीने बेलास्कोच्या नाटकांचे चित्रपट करण्याचे हक्क घेतले. नाटकं बेलास्कोची, तर ती उभी करायला त्याच्या हाताखालचा माणूस घेणं हा साधा व्यवहार झाला.

कंपनीचा संसार तेव्हा सेल्मा आणि व्हाइन रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या एका कोठारात होता. 'द स्क्वॉ मॅन' हा डिमिलचा पहिला चित्रपट तिथूनच निघाला आणि 1914 च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. बकलंड आला आणि त्याने नाटकातले कार्बन आर्क दिवे वापरायला सुरुवात केली. क्लीगल बंधूंच्या कंपनीचे म्हणून या जातीच्या दिव्यांना पुढे सगळेच क्लीग म्हणू लागले. दोन कार्बन कांड्यांमध्ये ठिणगी पेटती ठेवायची, कांड्या जळत जातील तशा पुढे सरकवायच्या, धूर आणि राख सोसायची. प्रत्येक दिव्याजवळ माणूस लागायचा. त्यातल्या अतिनील किरणांनी नटांचे डोळे सुजून लाल व्हायचे आणि त्या दुखण्याचं नावच 'क्लीग आय' पडलं. आवाजही करायचे हे दिवे, पण मूकपटात त्याची फिकीर कुणाला? बोलपट आल्यावर हीच कुरकुर त्यांना भोवली.

या दिव्यांचा फायदा एकच, पण मोठा: उजेड एका जागेवरून एका दिशेला टाकता येतो. म्हणजेच तो उरलेल्या ठिकाणी टाकायचा नाही असंही ठरवता येतं.

1915 च्या 'द वॉरन्स ऑफ व्हर्जिनिया'च्या वेळचा एक किस्सा डिमिल स्वतः सांगायचा. त्याने काही दृश्यांत चेहऱ्याची एकच बाजू उजळली आणि दुसरी अंधारात ठेवली. न्यूयॉर्कला बसून विक्री सांभाळणाऱ्या सॅम्युएल गोल्डफिशने, म्हणजे पुढच्या सॅम्युएल गोल्डविनने, तक्रार केली की अर्धाच चेहरा दिसत असेल तर थिएटरवाले अर्धेच पैसे देतील. डिमिलने उलट कळवलं की ही रेम्ब्रांटची प्रकाशयोजना आहे. गोल्डफिशचं म्हणणं लगेच बदललं: मग तर ते दुप्पट देतील! डिमिल गोष्टी रंगवून सांगण्यात पटाईत होता, त्यामुळे हा किस्सा थोडं मीठ टाकूनच घ्यावा. पण धंद्याच्या जगात 'लास्की लायटिंग' हे नाव खरोखर रुळलं.

आता 'द चीट', डिसेंबर 1915. बकलंड समजून घ्यायला एकच चित्रपट पाहायचा असेल तर हा. गोष्ट मेलोड्रामाच आहे. एक उधळी श्रीमंत बाई दानधर्मासाठी गोळा झालेले पैसे शेअरबाजारात घालवते, एका जपानी धनिकाकडून कर्ज घेते, आणि परतफेडीच्या अटीवरून तो तिच्या खांद्यावर तापलेल्या मुद्रेचा डाग देतो. धनिक सेस्यू हायाकावा, बाई फॅनी वॉर्ड, कॅमेऱ्यावर अॅल्विन वायकॉफ. गोष्टीतला वंशद्वेष आज झोंबतो आणि झोंबायलाच हवा. जपान्यांच्या निषेधानंतर 1918 च्या पुनःप्रदर्शनात ते पात्र ब्रह्मी, म्हणजे ब्रह्मदेशचं, करून टाकलं गेलं, म्हणजे दुखणं दुसऱ्याच्या गळ्यात बांधलं.

पण सेट पाहा. धनिकाच्या खोलीत प्रत्यक्ष बांधकाम फार थोडं आहे. शोजीचे कागदी पडदे, एक मूर्ती, एक धुमसती शेगडी, बाकी काळोख. खोली किती मोठी आहे ते कळतच नाही, आणि ते कळू नये यासाठीच ती तशी आखलेली आहे. बाई गोळी झाडते, तो शोजीला टेकून खाली घसरतो, पलीकडून नवऱ्याला कागदावर आधी सावली दिसते आणि मग रक्ताचा डाग. शोजी ही इथे भिंत आहे, दिवा गाळणारा पडदा आहे आणि गोष्ट सांगणारी पाटीही आहे. एकाच लाकडी चौकटीने तीन कामं केली. असा एक तुकडा सुचला की कलादिग्दर्शकाचा महिना सार्थकी लागतो.

पुढे तुरुंगाचं दृश्य. नवरा कोठडीत आहे, गजांची आडवी-उभी सावली त्याच्यावर आणि मागच्या भिंतीवर पडलेली. आज हे पाहून कुणी म्हणेल, यात काय विशेष, हे तर हजार वेळा पाहिलंय. हजार वेळा पाहिलंय ते इथून पुढे. 1915 मध्ये बहुतेक कंपन्यांनी दगडी भिंत रंगवली असती, तिच्यावर साखळदंड टांगले असते आणि सगळ्यावर सारखा उजेड सोडला असता.

आणि हे सगळं कुठल्या घाईत झालं! 'द चीट' आणि 'द गोल्डन चान्स' हे दोन चित्रपट डिमिलने एकाच वेळी केले, दिवसा पहिला, रात्री दुसरा. कलादिग्दर्शक दोन्हीकडे बकलंडच. दोन शिफ्टमध्ये दोन वेगवेगळे सेट चालवणं म्हणजे काय, हे ज्याने मालिकांसाठी काम केलंय त्याला वेगळं सांगायला नको. 'द चीट'चा खर्च सुमारे 17 हजार डॉलर, आणि कमाई त्याच्या कित्येक पट. मला तर वाटतं की अंधाराची ही शैली वाढली त्यामागे कलेइतकाच काटकसरीचा हात होता. जेवढं उजळणार तेवढंच बांधायचं. चौथी भिंत तर नाहीच, तिसरीही अर्धी, छताऐवजी काळा पडदा. निर्मात्याला याहून गोड काय वाटणार? आमच्याकडे तराफ्यावरच्या, म्हणजे सेटवर टांगलेल्या फळ्यांवरच्या, लाइटवाल्याने एक कटर (उजेड अडवणारी काळी पाटी) आडवा धरला की पन्नास फूट प्लाय वाचतो, हे हिशोब सांभाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

मग श्रेय कुणाचं, डिमिलचं, वायकॉफचं की बकलंडचं? डिमिलच्या आठवणींमध्ये अर्थातच डिमिल मध्यभागी आहे. छायाचित्रणाचा इतिहास लिहिणारे वायकॉफला पुढे करतात. दिवा कुठे लावायचा हे कॅमेरामनने ठरवलं असणार, पण दिवा लावायला भिंतीत भोक, खिडकीला खोली आणि पडद्याला कागद सेट आखणाऱ्याने आधी ठेवावा लागतो. शोजीशिवाय तो शॉट नाही. आणि लास्कीच्या चौथऱ्यावर रंगभूमीवरच्या उजेडाची इतक्या वर्षांची तालीम घेतलेला माणूस एकच होता. त्यामुळे माझं मत बकलंडकडे झुकतं. तिघांचं काम चाकूने कापून वेगळं करता येणार नाही हेही तितकंच खरं.

आता त्या काळच्या दुसऱ्या वाटा. दिग्दर्शक ग्रिफिथच्या 'इन्टॉलरन्स'साठी 1916 मध्ये जे अवाढव्य बॅबिलोन उभं राहिलं, ते वॉल्टर हॉल या नाटकातून आलेल्या आरेखकाने आणि हक वॉर्टमन या सुतारांच्या मुकादमाने. वॉर्टमनचं नाव कुणी घेत नाही, पण हत्तींचे पुतळे मिरवणारे ते खांब त्याच्या माणसांनी वाऱ्यात उभे धरून ठेवले. गोल्डविनने 1917 मध्ये ह्यूगो बॅलिनला आणलं, तो भित्तिचित्रकार, त्याचे सेट नीटनेटके आणि रिकामे. आणि बेन कॅरे. पॅरिसमध्ये नाटकांचे पडदे रंगवत तो शिकला, मग गोमाँ कंपनीत, 1912 मध्ये एक्लेर कंपनीसाठी फोर्ट लीला, आणि 1914 पासून मॉरिस टूर्नर या दिग्दर्शकाबरोबर. 1918 च्या 'द ब्लू बर्ड'मध्ये त्याने वास्तव सोडून सरळ परीकथेतल्या चित्रासारखे देखावे केले. बकलंड उजेडाचा, कॅरे कुंचल्याचा. हा फरक पुढे दोघांच्या आयुष्यात फार महत्त्वाचा ठरला.

पडद्यांवरून सिनेमात येण्याची ही वाट मराठी वाचकाला अनोळखी वाटणार नाही. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबुराव पेंटर हे दोघे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवतच सिनेमाकडे वळले. आणि बाबुरावांनी 1923 च्या 'सिंहगड'मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम उजेड वापरला. हॉलिवूड आणि कोल्हापूर यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण प्रश्न तोच होता, आणि तो सोडवायला रंगभूमीवरचीच माणसं पुढे आली.

बकलंडकडे परत येतो. 1915 ते 1919 ही त्याची भरभराटीची वर्षं. ऑपेरा गायिका जेराल्डिन फारार हिला घेऊन केलेले 'कार्मेन' आणि 'जोन द वुमन' याच काळातले. 1916 मध्ये लास्कीची कंपनी फेमस प्लेअर्समध्ये विलीन झाली, पैसा आला आणि डिमिलची भूक बदलली. युद्धानंतरच्या प्रेक्षकाला श्रीमंतांची घरं पाहायची होती: न्हाणीघर, पायऱ्या उतरून जाण्याचं स्नानकुंड, रेशमी बिछाने. 1919 च्या 'मेल अँड फीमेल'मध्ये नटी ग्लोरिया स्वॉन्सनचं स्नान हे एक अख्खं आकर्षण होतं. तिथे कलादिग्दर्शन अजून बकलंडचं, पण चित्रपटातल्या बॅबिलोनच्या स्वप्नासाठी कपडे करायला मिचेल लायसन नावाचा तरुण आला होता. पाठोपाठ फ्रान्सहून पॉल इरिब आला. तो फॅशनचा चित्रकार, पॅरिसच्या पोशाखकारांच्या वर्तुळातला. त्याच्या सेटवर प्रत्येक वस्तू दिसायला हवी होती, कारण प्रत्येक वस्तू हेवा वाटावी अशीच निवडलेली असायची.

अंधार ही ज्याची खासियत, त्याचं या दुकानाच्या काचेत काय काम? डिमिल आणि बकलंड यांची फारकत झाली ती साधारण 1920 च्या सुमारास. कुणी भांडणाच्या कथा सांगतात, मला त्यांची गरज वाटत नाही. दिग्दर्शकाची नजर बदलली की पहिला बदलतो तो कलादिग्दर्शक. कॅमेरामन टिकतो, संकलक टिकतो, सेटवाला जातो. या धंद्यात हे आजही तसंच चालतं.

त्यानंतर एक मोठा फटाका उडाला. नट आणि निर्माता डग्लस फेअरबँक्सने 1922 मध्ये सँटा मोनिका रस्त्यावरच्या आपल्या नव्या स्टुडिओत 'रॉबिन हूड' काढायचं ठरवलं आणि किल्ल्याच्या कामावर बकलंड देखरेखीला आला. त्याच्या हाताखाली आयर्विन मार्टिन आणि एडवर्ड लँगली हे कलादिग्दर्शक. किल्ला सुमारे 90 फूट उंच बांधला गेला, मूकपटांच्या काळातल्या सर्वात मोठ्या सेटांपैकी एक. दिग्दर्शक अॅलन ड्वॉनने नंतर सांगितलं आहे की फेअरबँक्स न्यूयॉर्कहून परत आला, किल्ला पाहिला आणि घाबरला. एवढ्या वास्तूपुढे मी दिसणार कुठे, असा त्याचा सवाल. चित्रपटच रद्द करायच्या गोष्टी सुरू झाल्या. ड्वॉनने त्याला वरच्या सज्जाशी नेलं. तिथून खालपर्यंत एक प्रचंड पडदा सोडलेला होता आणि पडद्याच्या आत लहान मुलांच्या घसरगुंडीसारखी घसरगुंडी लपवलेली. ड्वॉन स्वतः घसरून दाखवत खाली आला. मग फेअरबँक्स दिवसभर तेच करत बसला म्हणतात, आणि चित्रपटात ती उडी अजरामर झाली.

मला हा प्रसंग आवडतो तो यासाठी की सेट किती मोठा आहे याला त्यात काही किंमत नाही. नटाला त्या सेटवर करायला काय मिळालं, याला आहे. किल्ल्याबद्दल माझं मत मात्र जरा कडू आहे. तो भव्य आहे, पण 'द चीट'मधल्या चार शोजींनी जे केलं ते त्या दगडांना जमलेलं नाही. भव्यतेला उजेड पुरवता पुरवता बारकावा हरवतो. दोन वर्षांनी त्याच आवारात विल्यम कॅमेरॉन मेन्झीसने 'द थीफ ऑफ बगदाद'चं शहर उभं केलं. तेव्हा तो जेमतेम 27 वर्षांचा. त्याने जमीन काळी चकचकीत केली, त्यात इमारतींची प्रतिबिंबं पडली आणि अख्खं बगदाद तरंगायला लागलं. तो सेट जास्त हुशार आहे. म्हाताऱ्याने दगड रचला आणि पोराने दगडाचं वजनच काढून घेतलं.

याच वर्षांत कामाची रचना बदलली. 1924 मध्ये मेट्रो-गोल्डविन-मेयर ही स्टुडिओ कंपनी झाली आणि सेड्रिक गिबन्सने तिचा कला विभाग हाती घेतला. आता एका चित्रपटाचा एक कलादिग्दर्शक ही पद्धत मोडली. विभागप्रमुख वर, त्याच्याखाली प्रत्येक चित्रपटाला नेमलेला माणूस, त्याच्याखाली आरेखक, मॉडेलवाले, सामान सजवणारे. गिबन्सचं नाव करारानुसार कंपनीच्या जवळजवळ प्रत्येक चित्रपटावर यायचं, अशा चित्रपटांची संख्या दीड हजारांच्या आसपास जाते. ऑस्करची बाहुलीही त्यानेच आखली आणि पुढे तीच 11 वेळा घरी नेली. 1929 मध्ये ऑस्कर पहिल्यांदा दिली गेली, तेव्हा कलादिग्दर्शनाची मेन्झीसला मिळाली, 'द डव्ह' आणि 'टेम्पेस्ट' या चित्रपटांसाठी. ज्या पदाला पहिलं नाव मिळालं ते बकलंडमुळे, त्या पदाचा सन्मान सुरू झाला तेव्हा तो त्रेसष्टीच्या आसपास होता आणि यादीत कुठेच नव्हता.

1927 च्या सुमारास डिमिलच्या स्वतंत्र कंपनीसाठी त्याने काही चित्रपट केले. मग बोलपट आला. आर्क दिवे आवाजामुळे मागे पडले, तप्त तारेचे दिवे आले, पँक्रोमॅटिक फिल्मने लाल रंग पाहायला सुरुवात केली. करड्या छटांचं आणि कडक उजेडाचं जे गणित त्याच्या बोटांवर होतं, ते सगळं नव्याने मांडायची वेळ आली. साठी ओलांडलेल्या माणसाला हे अशक्य नसतं, पण त्यासाठी कुणीतरी बोलवावं लागतं.

कॅरेचं उलट झालं. कलादिग्दर्शकाची खुर्ची गेल्यावर त्याने परत कुंचला धरला. 1925 च्या 'द फँटम ऑफ द ऑपेरा'मधल्या भुयारांची रेखाटनं त्याचीच. नंतर तो मेट्रो-गोल्डविन-मेयरमध्ये मोठमोठे पार्श्वपडदे रंगवत राहिला, आणि 1978 मध्ये चौऱ्याण्णवाव्या वर्षी गेला. हातात कसब असेल तर पद गेलं तरी रोजी राहते. बकलंडचं कसब दुसऱ्यांच्या हातांतून व्यक्त होणारं होतं, म्हणून खुर्ची गेली तेव्हा त्याच्याजवळ काही उरलं नाही. करिअरचं विचारलंय म्हणून एवढं सांगतो: या दोघांतला फरक प्रतिभेचा नव्हता.

शेवट वाईट झाला. 1946 च्या जुलैमध्ये, ऐंशीच्या घरात असताना, बकलंडने मानसिक आजाराने ग्रासलेल्या आपल्या मुलाला गोळी घातली आणि स्वतःचाही जीव घेतला. आपल्यामागे मुलाचं कोण पाहणार ही धास्ती त्यामागे होती असं सांगितलं जातं. या घटनेचा आणि सिनेमाने त्याला विसरण्याचा थेट धागा जोडून हळहळणारे लेख सापडतात. मला तसं करायचं नाही. त्या घरातलं दुखणं वेगळं होतं.

प्रश्नात 'कुठून सुरुवात करू' असंही विचारलंय. 'द चीट' आधी पाहा. हाती येणारी प्रत बहुधा 1918 च्या आवृत्तीवरची असेल, पात्र ब्रह्मी असेल, त्याने गोंधळू नका. रंगछटा दिलेली प्रत मिळाली तर तीच घ्या. एकदा गोष्ट पाहून झाली की दुसऱ्यांदा आवाज बंद करून, प्रत्येक शॉटमध्ये खोलीच्या भिंती कुठे संपतात ते शोधा. बहुतेक वेळा सापडणार नाही. मग 1914 पूर्वीचा कुठलाही घरगुती प्रसंगांचा अमेरिकन लघुपट लावून तोच खेळ करा, सगळ्या भिंती लगेच सापडतील. 'रॉबिन हूड' शेवटी, आणि त्यात दूरचे शॉट थांबवून किल्ल्याचा वरचा भाग न्याहाळा. काही शॉटमध्ये तो काचेवर रंगवून वाढवलेला आहे. जिथे तटावर एकही माणूस हालत नाही आणि एकही झेंडा फडकत नाही, बांधकाम साधारण तिथेच संपलेलं असतं.